दमेकऱ्याची प्रतिकारशक्ती कमी नसते

पुण्यात जुलै लागला की भिंतींना ओल धरते, गाद्यांना कुबट वास येतो आणि बाळदम्याची मुलं घरघरू लागतात. मग सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ठरलेला सल्ला फिरतो: इम्युनिटी वाढवा. काढे, चाटणं, गोळ्या. सांगणाऱ्याचा हेतू चांगला, पण ॲलर्जीच्या दम्यात प्रतिकारशक्ती कमी पडलेली नसते. तिचा एक गट नको तिथे जोरात चालत असतो आणि त्याला आवरणारा गट मागे पडलेला असतो.

सुरुवात बहुधा गादीत होते. धुळीतले सूक्ष्म किडे पाणी पीत नाहीत, हवेतला ओलावाच शोषतात. आपला पावसाळा त्यांना चांगला मानवतो. त्यांच्या विष्ठेतलं एक पाचक विकर श्वासनलिकेच्या अस्तरातल्या पेशींचे सांधे उसवतं. डिवचलेलं अस्तर रासायनिक इशारे सोडतं आणि प्रतिकारयंत्रणेतल्या टीएच-२ नावाच्या मदतनीस पेशी कामाला लागतात. (पावसाच्या अखेरीस मोकळ्या प्लॉटवर फुलणाऱ्या काँग्रेस गवताचे परागही काहींना भोवतात. १९५५ च्या सुमारास भारतात त्याची नोंद झाली तीही पुण्यातच.)

मदतनीस टी पेशींचे टीएच-१ आणि टीएच-२ हे प्रकार १९८६ मध्ये मोसमन आणि कॉफमन या शास्त्रज्ञांनी उंदरांमध्ये दाखवले. टीएच-१ प्रामुख्याने पेशींत दडणाऱ्या जंतूंच्या मागे असतात, टीएच-२ पोटातल्या जंतांच्या. दमेकऱ्यात हीच जंतांविरुद्धची यंत्रणा धुळीवर तुटून पडते. टीएच-२ च्या आयएल-४ या रसायनामुळे आयजीई नावाची ॲलर्जीची प्रतिपिंडं तयार होऊन हिस्टामिन साठवणाऱ्या मास्ट पेशींवर बसतात. पुढच्या वेळी तीच धूळ आत गेली की काही मिनिटांत हिस्टामिन सुटतं आणि नळ्या आवळतात. आयएल-१३ चिकट कफ वाढवतं. आयएल-५ इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी वाढवतं, म्हणून रक्ताच्या रिपोर्टवर तो आकडा चढलेला दिसतो. जंत झाले तरी तो चढतोच, तेव्हा नुसता आकडा पाहून दम्याचं निदान करू नये.

टीएच-१ कमी आणि टीएच-२ जास्त, एवढंच गणित पूर्वी मांडलं जायचं. ते अपुरं ठरलं. काही तीव्र रुग्णांत टीएच-१७ या आणखी एका प्रकारच्या मदतनीस पेशींचा जोर असतो आणि त्यांना स्टेरॉइडचा गुण कमी येतो.

मला स्वतःला यात सर्वांत महत्त्वाच्या वाटतात त्या नियामक टी पेशी, म्हणजे बाकीच्यांना आवरणारा तो गट. जपानचे शास्त्रज्ञ साकागुची यांनी त्या १९९५ मध्ये दाखवल्या. ब्रंकाव आणि रॅम्सडेल यांनी २००१ मध्ये फॉक्सपी-३ हे जनुक शोधलं, ज्यावर या पेशी अवलंबून असल्याचं पुढे सिद्ध झालं. तिघांना २०२५ चं नोबेल मिळालं. हे जनुक बिघडलेल्या मुलांचं शरीर स्वतःच्याच अवयवांवर उठतं, शिवाय त्यांना इसब होतो आणि आयजीई भरमसाट वाढतं. लगाम सुटला की ॲलर्जी कशी मोकाट होते, ते इथे उघड दिसतं. साध्या दमेकऱ्यांत या पेशी मोजल्या, तर कुठे संख्या कमी आढळते, कुठे संख्या पुरेशी पण काम ढिलं.

पंपातलं स्टेरॉइड हाच अतिरेक शमवतं, तेही मायक्रोग्रॅममध्ये आणि थेट श्वासनलिकांत. 'पंपाची सवय लागते' ही भीती म्हणूनच मला पटत नाही. नंतर चूळ भरली म्हणजे झालं. नुसत्या निळ्या पंपावर राहणं मात्र धोक्याचं. तो नळ्या तेवढ्यापुरत्या सैल करतो, आतली सूज तशीच राहते. दम्याच्या जागतिक मार्गदर्शक सूचनांनी २०१९ पासून असा एकट्याचा वापर नको म्हटलं आहे. एवढ्यानेही न भागणाऱ्यांसाठी आयजीई किंवा आयएल-५ अडवणारी इंजेक्शनं आहेत, पण महाग.

नियामक पेशींना बळ देण्याचा उपचार मात्र जुना आहे. ज्याची ॲलर्जी तोच पदार्थ थोडाथोडा वाढवत टोचायचा. लंडनमध्ये लिओनार्ड नून यांनी १९११ मध्ये गवताच्या परागांवर हा प्रयोग केला होता. आज तो साधारण ३ वर्षं चालतो, नेमकी ॲलर्जी कशाची हे तपासल्यावरच सुरू करतात, आणि दमा आटोक्यात नसेल तर करतच नाहीत.