इन्स्टॉलर (डेस्कटॉप सॉफ्टवेअर)

तयार प्रोग्रॅम दुसऱ्याच्या संगणकावर योग्य जागी ठेवणारी, शॉर्टकट बनवणारी आणि पुढे तो काढता यावा म्हणून नोंद करून ठेवणारी फाइल म्हणजे इन्स्टॉलर. नुसत्या फायली द्यायच्या तर झिपही पुरते. इन्स्टॉलर लागतो तो या नोंदीसाठी. विंडोजमध्ये ती रजिस्ट्रीतल्या (विंडोजच्या सेटिंग्ज साठवणाऱ्या नोंदवहीतल्या) ‘अनइन्स्टॉल’ कीखाली होते आणि सेटिंग्जमधल्या ॲपच्या यादीत दिसते. मॅकवर डीएमजी किंवा पीकेजी, लिनक्सवर डेब किंवा आरपीएम पॅकेज हे काम करतात. इथे विचार विंडोजचा आहे.

नवशिक्याने इन्स्टॉलर बनवणाऱ्या इनो सेटअपपासून सुरुवात करावी. जॉर्डन रसेल यांचे हे साधन १९९७ पासून आहे. एनएसआयएस हे असेच दुसरे साधन जास्त लवचिक, पण त्याची भाषा किचकट. एमएसआय हा मायक्रोसॉफ्टचा इन्स्टॉलर-प्रकार कंपन्यांमध्ये शेकडो संगणकांवर एकदम वाटपासाठी सोयीचा. पहिल्या प्रयत्नाला त्याच्या वाटेला जाऊ नये.

इनोची स्क्रिप्ट ही साधी मजकूर फाइल असते. तिच्यातला ‘सेटअप’ विभाग नाव, आवृत्ती व फोल्डर ठरवतो, ‘फाइल्स’ काय न्यायचे ते सांगतो आणि ‘आयकॉन्स’ शॉर्टकट बनवतो. विझार्ड हा सांगाडा लिहून देतो. कंट्रोल-एफ९ दाबले की सेटअपची एक्झी (चालवता येणारी फाइल) तयार.

यातली ‘ॲपआयडी’ ही ओळ सर्वांत महत्त्वाची. ती दिली नाही तर इनो प्रोग्रॅमचे नावच ओळख म्हणून वापरतो. मग नावात ‘१.०’ घालून पुढच्या वेळी ‘१.१’ केले, की जुन्यावर नवे चढण्याऐवजी यादीत दोन प्रोग्रॅम दिसू लागतात. मेनूतून जीयूआयडी (एकमेव असा लांब ओळखक्रमांक) एकदाच तयार करून या ओळीत द्यावा आणि पुन्हा कधीही बदलू नये.

‘माझ्याकडे चालते, त्याच्याकडे नाही’ ही तक्रार बहुतेकदा राहून गेलेल्या फायलींची असते. व्हीसीरनटाइम१४० नावाची डीएलएल (प्रोग्रॅमला चालताना लागणारी सामायिक कोडची फाइल) सापडत नाही असा संदेश आला, तर व्हिज्युअल सी प्लस प्लसचा रीडिस्ट्रिब्युटेबल (अशा फायलींचा मायक्रोसॉफ्टचा संच) सोबत द्यावा. डीबग बिल्ड (चुका शोधण्यासाठी बनवलेला प्रोग्रॅम) मुळीच पाठवू नये. त्याच्या डीएलएल वाटण्याची परवानगी नसते. क्यूटी (खिडक्या-बटणे बनवण्याची लायब्ररी) वापरले असेल तर त्याचेच विनडिप्लॉयक्यूटी हे साधन हव्या त्या फायली गोळा करते, पण स्क्रिप्टमध्ये ‘रिकर्ससबडिर्स’ हा फ्लॅग विसरला तर उपफोल्डर गळतात. मग ‘प्लॅटफॉर्म्स’ फोल्डरही जातो आणि खिडकी उघडतच नाही.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे सेटिंग्ज प्रोग्रॅमच्याच फोल्डरमध्ये लिहिणे. प्रोग्रॅम फाइल्समध्ये साध्या वापरकर्त्याला लिहिण्याची मुभा नसते; ॲपडेटा या वापरकर्त्याच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये लिहावे. ॲडमिन परवानगी मागायचीच नसेल तर स्क्रिप्टमध्ये ‘प्रिव्हिलेजेसरिक्वायर्ड’ला ‘लोएस्ट’ ही किंमत द्यावी.

डिजिटल सही नसलेल्या सेटअपवर स्मार्टस्क्रीन हा विंडोजचा पहारेकरी इशारा दाखवण्याची शक्यता मोठी. कोड साइनिंग सर्टिफिकेट (अशी सही करण्यासाठीचे ओळखपत्र) घेतल्यास सेटअप आणि आतली एक्झी दोन्हींवर सही करावी, टाइमस्टॅम्पसह (सही केल्याच्या वेळेच्या नोंदीसह). नाहीतर सर्टिफिकेटची मुदत संपताच सहीही निकामी होते.

चाचणी स्वतःच्या मशीनवर करून उपयोग नाही, कारण तिथे सगळ्या डीएलएल आधीच असतात. विंडोज सँडबॉक्स दर वेळी कोरे विंडोज देते. होम आवृत्तीत ते नसते, तिथे व्हर्च्युअल मशीन (संगणकातच चालणारा आभासी संगणक) वापरावे. आधी जुनी आवृत्ती टाकून चालवावी, तिच्यावर नवी चढवावी, मग अनइन्स्टॉल करावे. इनो फक्त स्वतः ठेवलेल्या फायली काढतो. प्रोग्रॅमने नंतर बनवलेल्या लॉग फायली आणि त्यांचा फोल्डर तसेच राहतात. ते पुसायचे असल्यास ‘अनइन्स्टॉलडिलीट’ विभागात नेमकी नावे लिहावीत. तिथे सरसकट तारांकन (*, म्हणजे ‘सगळ्या फायली’) टाकले, तर वापरकर्त्याने त्याच फोल्डरमध्ये साठवलेले कामही सोबत जाते.