चीनच्या राजांचं स्वप्न वेगळं आणि हाडावरचा कौल वेगळा, किती वेळा सांगायचं!

प्राचीन चीनचा विषय निघाला की कुणीतरी ठोकून देतंच, "ते राजे हाडं आणि स्वप्नं बघून राज्य चालवायचे." दोन्हीची एकत्र खिचडी, वर झुआंगझी या तत्त्वज्ञाचं स्वप्नातलं फुलपाखरू सजावटीला, ज्याचा राजकारणाशी काडीचा संबंध नाही.

हाडांचं बहुतेकांना माहितीये. बैलाच्या खांद्याचं हाड नाहीतर कासवाचं कवच तापवायचं आणि तडा वाचायचा, शांग राजांची राजधानी जिथे होती त्या आन्यांगला ढिगाने सापडलीत. आपल्याकडे देवाला कौल लावतात तसंच, प्रश्न आधी तुम्ही विचारायचा.

स्वप्नाला मात्र कुणी बोलावलेलं नसतं आणि खरी गोची तिथेच होते. इ.स.पू. १२०० च्या आसपासचा शांग घराण्याचा राजा वू दिंग, हाडांवरच्या नोंदींत दिसतं की त्याला स्वप्न पडलं की तो हुकूम समजून कामाला लागायचा नाही, धास्तावून हाडालाच विचारायचा की यातून काही अरिष्ट येणारे का, कुठला पूर्वज कोपलाय का. म्हणजे स्वप्नाने नुसतं कोडं टाकायचं, निकाल हाडाचा.

पुढे शांगांनंतरच्या झोऊ घराण्याच्या काळात हाडं होतीच, पण ग्रंथांत येणाऱ्या स्वप्नकथांमध्ये निकाल बऱ्याचदा माणूस देतो आणि मग खेळच बदलतो. इ.स.पू. ६३२, जिन आणि छू या दोन राज्यांमधली छंगपूची लढाई तोंडावर. 'झुओ झुआन' या जुन्या इतिहासग्रंथात लिहिलंय की जिनचा अधिपती वन याला स्वप्न पडलं, छूच्या राजाशी झोंबी चाललीये, तो छातीवर बसून आपला मेंदू चोखतोय. आता याला कोण शुभ म्हणेल? त्याचा मामा हू यान म्हणाला! आपण उताणे, म्हणजे तोंड आकाशाकडे, आकाश आपलं, छू पालथा, म्हणजे गुन्हा कबूल करून वाकलेला. आणि हा हू यान त्याआधीच लढा लढा म्हणून मागे लागलेला होता बरं का. म्हणून मला "स्वप्नामुळे लढाई झाली" हे वाक्य ऐकवतच नाही, स्वप्नाने तर वनची गाळण उडाली होती, हिंमत दिली ती मामाच्या अर्थाने. जिन जिंकलं.

अर्थ सांगणं जिवावरही यायचं. त्याच ग्रंथात, इ.स.पू. ५८१, जिनचाच अधिपती जिंग. त्याला पडलेल्या वाईट स्वप्नावरून मांत्रिक म्हणाला, तुम्ही नवा गहू खाणार नाही, म्हणजे त्याआधीच मराल. गहू आला, मांत्रिकाला तो दाखवून ठार केलं आणि जेवणार तेवढ्यात पोट फुगलं म्हणून जिंग शौचकूपात गेला तो आत पडून मेला. पहाटे त्याच्या एका सेवकाने स्वप्न पाहिलं होतं की आपण जिंगला पाठीवर घेऊन स्वर्गात चढतोय, दुपारी त्यानेच प्रेत पाठीवर बाहेर काढलं आणि मग त्या सेवकालाही मारून जिंगसोबत पाठवून दिलं.