गोव्याची गाडी घेऊन नेपाळला: कोणाला जाता येतं, कोणते कागद लागतात

चार-पाच गाड्यांचा ताफा करून नेपाळला जायचं ठरलं की आधी टायर, टपावरचं कॅरिअर आणि मुक्काम यांवरच चर्चा झडते. कागदांची आठवण होते ती गोरखपूरच्या आसपास. तिथून सोनौली सीमा शंभरेक किलोमीटरवर आणि फोंड्याच्या कपाटात राहिलेलं आरसी (गाडीचं नोंदणीपत्र) सुमारे दोन हजार किलोमीटर मागे! सीमेवर ग्रुप म्हणून काही चालत नाही. ओळख माणसागणिक तपासली जाते, परवाना गाडीगणिक निघतो. एकाचं अडलं की सगळा ताफा उन्हात उभा.

भारतीय नागरिकाला नेपाळचा व्हिसा लागत नाही. पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र, यांपैकी एक मूळ स्वरूपात जवळ हवं. मोठ्यांसाठी आधार हा प्रवासाचा कागद नव्हे. १५ वर्षांखालची मुलं आणि ६५च्या पुढचे ज्येष्ठ यांना मात्र आधार किंवा तत्सम फोटो असलेल्या ओळखपत्रावर जाता येतं.

आता खास गोव्याचा प्रश्न. ताफ्यात एखादा तरी पोर्तुगीज पासपोर्टवाला असतोच. परदेशी नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व संपतं, त्यामुळे वरची सवलत त्याला लागू नाही. त्याने आधी भारताच्या बाजूच्या इमिग्रेशनमध्ये बाहेर पडल्याचा शिक्का घ्यायचा, मग पलीकडे नेपाळचा व्हिसा काढायचा. तो सीमेवरच मिळतो. १५ दिवसांचे ३० डॉलर, ३० दिवसांचे ५० डॉलर. परतीसाठी ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मूळ भारतीयांना भारतात ये-जा करायला मिळणारं कार्ड) किंवा भारताचा व्हिसा सोबत हवाच. ‘जुनं मतदार कार्ड दाखव आणि निसट’ असा सल्ला देणारे मित्र भेटतील. त्यांचं ऐकू नका, उगाच भलतं प्रकरण अंगाशी यायचं.

दुसरी भानगड नावाच्या स्पेलिंगची. आपल्याकडे एकाच घरातल्या नाईकांचं आडनाव एका कागदावर ‘के’ने संपतं आणि दुसऱ्यावर ‘क्यू-यू-ई’ने. ओळखपत्र, लायसन्स आणि आरसी शेजारी-शेजारी मांडून अक्षर न् अक्षर ताडून पाहा. फरक असेल तर दुरुस्तीला वेळ लागतो, म्हणून हे काम निघायच्या आठवड्यात काढू नका.

गाडीसाठी नेपाळच्या हद्दीत शिरल्यावर ‘भन्सार’, म्हणजे तिथल्या कस्टम्सचा परवाना, काढावा लागतो. सोनौलीच्या पलीकडे बेलहियाला त्याचं कार्यालय आहे. आरसी, चालकाचं लायसन्स, विमा आणि पीयूसी मूळ स्वरूपात न्या, शिवाय झेरॉक्सचे दोन-तीन संच. डिजिलॉकर आपल्या ट्रॅफिक पोलिसाला चालतं, नेपाळी कस्टम्सवर त्याचं बंधन नाही. गाडी वडिलांच्या किंवा कंपनीच्या नावावर असेल तर मालकाचं सहीचं अधिकारपत्र लागेल. शुल्क दिवसाप्रमाणे आकारतात, म्हणून एखादा दिवस जास्तीचा धरूनच भरा. भारतीय गाडीला वर्षाकाठी एकूण ३० दिवसांची मर्यादा आहे. भन्सारबरोबर वाहतूक खात्याचा परवानाही तिथेच घ्यायचा. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेली भाड्याची गाडी न्यायचा विचार असेल तर सोडून द्या.

विम्याकडे बहुतेकांचं लक्षच नसतं. आपली मोटर पॉलिसी भारतापुरती असते. नेपाळ, भूतान किंवा बांगलादेशसाठी भौगोलिक क्षेत्र वाढवून घ्यावं लागतं. मोटर टॅरिफमध्ये त्याला ‘आयएमटी १’ म्हणतात. थोडा जादा हप्ता भरून विमा कंपनीकडून हे एंडोर्समेंट, म्हणजे पॉलिसीला जोडलेली नोंद, लेखी घ्या. एजंटाच्या ‘होऊन जाईल’वर विसंबू नका.

कार्नेट (परदेशात गाडी तात्पुरती नेण्याचा कस्टम्सचा कागद) आणि आंतरराष्ट्रीय लायसन्स नेपाळसाठी लागत नाही. पुढे कधी दूरच्या देशात गाडी चालवायची असेल तर आंतरराष्ट्रीय परमिट आरटीओतून मिळतं. त्याची मुदत जास्तीत जास्त एक वर्ष.

भूतानचं गणित वेगळं. तिथेही ओळखीला पासपोर्ट किंवा मतदार कार्डच, पण सीमेवरच्या फुंटशोलिंग गावी प्रवेश परवाना काढावा लागतो आणि पुढे राहायचं तर माणशी रात्रीला १२०० रुपये शाश्वत विकास शुल्क. सहा वर्षांखालच्यांना माफ, बारापर्यंत निम्मं. पोर्तुगीज पासपोर्टवाल्याला हेच रात्रीचे १०० डॉलर पडतात. गाडीला फुंटशोलिंगच्या पुढे वेगळा परवाना आणि रोजचं शुल्क. चार गाड्या नेण्यापेक्षा सीमेच्या अलीकडे, भारतातल्या जयगावला त्या ठेवून भूतानची टॅक्सी घेणं मला तरी शहाणपणाचं वाटतं.

आणि फेणी! मित्रांना द्यायला म्हणून डिकीत एक बाटली असतेच. रक्सौलमार्गे नेपाळला निघालात तर वाटेत बिहार लागतो, आणि तिथे २०१६पासून दारूबंदी आहे. सोनौली उत्तर प्रदेशात आहे, पण रस्त्यातल्या प्रत्येक राज्याचे अबकारी नियम निराळे. बाटली घरीच ठेवा.

खर्चाला शंभराच्या भारतीय नोटा भरपूर ठेवा, मोठ्या नोटा पलीकडे घेताना दुकानदार कांकू करतात. भन्सारची पावती काचेला चिकटवून मोकळे होऊ नका, जपून ठेवा. बाहेर पडताना ती दाखवून गाडी परत गेल्याची नोंद करून घ्यायची असते. मुदत उलटली तर दंड भरल्याशिवाय गाडी सोडत नाहीत.