बीटाचा लाल रंग कुठल्या कुळातला?

गोव्यात म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातले बीट बहुतेक बेळगावकडून आलेले असते. तांबडी भाजी (लाल माठ) इथल्याच मळ्यांतली, आणि भिरंडाची (कोकमाची) सोले कुळागरातली. रंग तिघांचाही लाल. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोठमोठे रसायनशास्त्रज्ञही या सगळ्यांना एकाच माळेचे मणी समजत होते.

त्याला कारणही होते. जर्मनीच्या रिखार्ड विलश्टेटर यांनी १९१३ पासून फुलाफळांतल्या अँथोसायनिन या रंगद्रव्यांची रचना उलगडली. वनस्पतींच्या रंगद्रव्यांवरील कामासाठी त्यांना १९१५ चे नोबेल मिळाले. एवढे भरभक्कम काम पुढ्यात असताना बीटही त्याच कुळातले ठरणार, हे ओघानेच आले. खोडा एकच होता: बीटाच्या रंगात नायट्रोजन सापडत होता आणि अँथोसायनिनमध्ये तो नसतो. १९३० च्या दशकात इंग्लंडच्या रॉबर्ट रॉबिन्सन यांच्यासारख्या दिग्गजानेही त्याला 'नायट्रोजनयुक्त अँथोसायनिन'च म्हटले. न बसणारा पुरावा जुन्याच खणात कोंबायचा, ही खोड प्रयोगशाळेतही सुटत नाही.

खरी अडचण शुद्ध नमुन्याची होती. बीट किसून पाण्यात टाकले की रंग लगेच उतरतो, पण त्याच्याबरोबर साखर आणि क्षारही उतरतात. शिवाय उष्णतेने आणि उजेडाने हा रंग मोडतो, म्हणजे आटवून घट्ट करायची सोय नाही. कागदावरची क्रोमॅटोग्राफी आणि विजेच्या जोरावर चालणारे इलेक्ट्रोफोरेसिस ही मिश्रणातले घटक वेगळे करायची तंत्रे हाताशी आल्यावरच कोंडी फुटली. १९५७ च्या सुमारास झ्युरिकमध्ये विलर आणि ड्रायडिंग यांनी बीटाच्या मुख्य लाल द्रव्याचे, बीटानिनचे, स्फटिक मिळवले. पुढे अमेरिकन टॉम मॅब्री यांच्यासह त्याची रचना उलगडली. टायरोसिन या अमिनो आम्लापासून वनस्पती बीटालॅमिक आम्ल तयार करते. त्याला कोण येऊन चिकटते त्यावर रंग लाल-जांभळा की पिवळा हे ठरते. १९६८ मध्ये या स्वतंत्र कुळाला बीटालेन हे नाव मिळाले. पिवळ्या बीटातला रंगही याच घराण्यातला.

तांबडी भाजी शिजवताना पाणी गुलाबी होते, तेही बीटालेनमुळेच. मायाळूची पिकलेली जांभळी फळे, निवडुंगाची बोंडे, दक्षिण अमेरिकेतून येऊन गोव्याच्या आवारभिंतींवर पसरलेली बोगनवेल, सगळे त्याच गोतावळ्यातले. ज्या झाडात बीटालेन सापडते त्यात अँथोसायनिन सापडत नाही, असा आजवरचा अनुभव आहे. उलट भिरंड आणि जांभळे कोनफळ पक्के अँथोसायनिनवाले. गाजर तिसऱ्याच, कॅरोटिनॉइडच्या घरातले.

हा फरक पाहायला उपकरण लागत नाही. एका वाटीत आगळाचे, म्हणजे भिरंडाच्या रसाचे, पाणी, दुसरीत बीटाचे पाणी घ्या आणि दोन्हींत थोडा थोडा खाण्याचा सोडा टाकत जा. आगळ आंबट, म्हणून आधी फसफसते. आंबटपणा मेला की लाल रंग निळसर-करडा होऊ लागतो. बीटाचे पाणी जवळजवळ तसेच राहते. त्यात चुन्याची निवळी घातली, तर मात्र रेणू तुटतो आणि पाणी पिवळे पडते. काही खाणावळींत सोलकढीला रंग यावा म्हणून बीट ढकलतात. त्यांना पकडायला ही युक्ती कामाची आहे, फक्त ती कढी नंतर पिता येणार नाही. (नुसत्या सोलांची कढी नारळाच्या रसात फिकट गुलाबीच दिसते. गडद रंगाचा आग्रह गिऱ्हाईकच धरते, हेही खरे.)

मोजमापाची सोय १९७० मध्ये झाली. स्वीडनच्या निल्सन यांनी एकाच द्रावणात लाल आणि पिवळे द्रव्य किती हे काढायची रीत दिली. लालाचे प्रकाशशोषण ५३८ नॅनोमीटर लांबीच्या प्रकाशलहरीला, पिवळ्याचे ४७६ ला मोजायचे, आणि बाकीच्या मळकट भेसळीसाठी ६०० नॅनोमीटरचे वाचन घेऊन वजावट करायची. द्रावणाने किती प्रकाश शोषला हे मोजणारा साधा स्पेक्ट्रोफोटोमीटर असला की काम होते, म्हणून ही पद्धत अजून वापरात आहे. मात्र ती बीटानिन आणि त्याचे जवळचे भाऊबंद वेगळे दाखवत नाही. ते काम १९७० च्या दशकाअखेरीस आलेल्या एचपीएलसीने (दाबाखाली घटक वेगळे करणाऱ्या क्रोमॅटोग्राफीने), आणि नंतर तिला जोडलेल्या, रेणूंचे वस्तुमान मोजणाऱ्या मास स्पेक्ट्रोमीटरने केले. त्यात बीटानिन वस्तुमानाच्या ५५१ या आकड्यावर दिसते. बीट लाल करणारे मुख्य जनुक २०१२ मध्ये हाती लागले.

युरोपात हा रंग ई १६२ या क्रमांकाने खाद्यपदार्थांत चालतो. आम्लता ३ ते ७ पीएचमध्ये तो टिकतो, पाचच्या आसपास सर्वांत चांगला, त्यामुळे दही आणि आइस्क्रीमला तो मानवतो. बीटाचा हलवा फार वेळ परतला की तपकिरी झाक येते, ती बीटानिन मोडल्यामुळे. प्रयोगशाळेतही म्हणूनच अर्क थंड, अंधारात आणि थोडे क जीवनसत्त्व घालून काढतात, नाहीतर सकाळचे वाचन संध्याकाळी जुळत नाही.