इन्ग्रिड पिट आणि काढून घेतलेला आवाज

अभिनेत्री इन्ग्रिड पिटचा जन्म २१ नोव्हेंबर १९३७चा आणि मृत्यू २३ नोव्हेंबर २०१०चा. जयंती आणि स्मृतिदिन असे दोनच दिवसांच्या अंतरावर येतात आणि जुन्या ब्रिटिश भयपटांचे चाहते तिच्याविषयी पुन्हा भरभरून लिहू लागतात. तिला सरसकट ‘हॅमरची नायिका’, म्हणजे भयपट बनवणाऱ्या हॅमर या ब्रिटिश संस्थेची नायिका, म्हटले जाते. प्रत्यक्षात हॅमरसाठी तिने दोनच चित्रपट केले: १९७०चा ‘द व्हॅम्पायर लव्हर्स’ आणि १९७१चा ‘काउंटेस ड्रॅक्युला’. ‘द हाऊस दॅट ड्रिप्ड ब्लड’ याच काळातला असला, तरी तो प्रतिस्पर्धी संस्थेचा. त्यातल्या चार कथांपैकी फक्त शेवटच्या कथेत ती आहे.

हे सगळे १९७०-७१मध्येच का घडले, याचे एक कारण सेन्सॉरच्या नियमांत सापडते. जुलै १९७०मध्ये ब्रिटनमध्ये लहानांना मज्जाव असलेल्या चित्रपटांना मिळणाऱ्या ‘एक्स’ प्रमाणपत्राची वयोमर्यादा १६वरून १८वर गेली. प्रेक्षक वयाने मोठा झाल्यामुळे निर्मात्यांना पडद्यावर आधीपेक्षा बरेच काही दाखवता येऊ लागले. ‘द व्हॅम्पायर लव्हर्स’ त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आला. १८७२च्या एका आयरिश कादंबरिकेतली रक्तपिपासू कार्मिला इन्ग्रिडने साकारली, तीही स्वतःच्या आवाजात. पोस्टरवर तिचे शरीर विकले गेले हे खरे, पण त्या भूमिकेतली एकटेपणाची कळ तिने कमावलेली आहे.

खरा वाद ‘काउंटेस ड्रॅक्युला’चा आहे. नावात ड्रॅक्युला असला तरी चित्रपटात तो कुठेच नाही. १६१४मध्ये कैदेत मेलेल्या हंगेरियन उमराव स्त्रीभोवती रचलेल्या दंतकथेवर हे कथानक बेतलेले आहे. म्हातारी काउंटेस तरुण मुलींच्या रक्ताने न्हाते, तरुण होते आणि स्वतःचीच मुलगी म्हणून वावरू लागते. दोन्ही वयांतली काउंटेस इन्ग्रिडनेच रंगवली. चित्रीकरण संपल्यावर मात्र तिचे संवाद दुसऱ्या अभिनेत्रीकडून डब करून घेण्यात आले. तिला याचा मनस्वी संताप आला आणि पुढे अनेक वर्षे ती तो उघड बोलून दाखवत राहिली.

डबिंगची बाजू मांडायची तर एवढेच म्हणता येते, की बाकीचे नट सफाईदार ब्रिटिश इंग्रजी बोलत होते आणि त्यांच्यात तिचे मध्य युरोपीय उच्चार वेगळे पडले असते. पण कथा हंगेरीत घडते, दिग्दर्शकही मूळचा हंगेरियन. तिथल्या सरदारणीचे संवाद जिच्या तोंडी शोभले असते, अशी त्या संचातली एकमेव नायिका हीच होती. शिवाय वर्षभरापूर्वी तोच आवाज प्रेक्षकांनी कुरकुर न करता ऐकला होता. चाहत्यांपैकी काहींना हा तांत्रिक निर्णय वाटतो. पण म्हातारपण आणि तारुण्य यांतला फरक नटी आवाजातूनच तर उभा करते. तो काढून घेतला की अर्धी भूमिका जाते. हा अन्यायच होता.

ते उच्चार आले कुठून, हे पाहिले की तो अधिकच बोचतो. तिचा जन्म पोलंडमधला, आई ज्यू. दुसऱ्या महायुद्धात लहानपणीच तिला आईसोबत श्टुटहोफच्या छळछावणीत डांबले होते. पुढे पूर्व बर्लिनमध्ये नाटक, तिथून पलायन, मग १९६८च्या ‘व्हेअर ईगल्स डेअर’मधली छोटी भूमिका आणि त्यानंतर हॅमर.

१९७३च्या ‘द विकर मॅन’मध्ये ती थोडा वेळ दिसते. नंतर टीव्ही मालिका, भयकथांवरचे लेखन, चाहत्यांचे मेळावे. १९९९मध्ये आत्मचरित्र आले. मृत्यूच्या थोडे आधी तिने छावणीतल्या बालपणावरच्या एका लघु अ‍ॅनिमेशनपटासाठी निवेदन ध्वनिमुद्रित केले. त्यातली चित्रे दहा वर्षांच्या मुलाने काढली होती. तो २०११मध्ये, ती गेल्यानंतर पूर्ण झाला आणि त्यात आवाज तिचाच आहे.