नाव ठेवणं आणि नावं ठेवणं

मराठीत एका टिंबानं केवढा फरक पडतो पाहा. बाळाचं नाव ठेवतात आणि माणसाला नावं ठेवतात. पहिल्यात बारसं आहे, पाळणा आहे, घुगऱ्या आहेत. दुसऱ्यात माणसाची पाठ वळल्यावर काढलेली उणीदुणी.

पुण्यातल्या चमत्कारिक नावांबद्दल बोलताना नेमका हाच घोटाळा होतो. भिकारदास मारुती, खुन्या मुरलीधर, गुंडाचा गणपती, जिलब्या मारुती अशी यादी मोबाइलवर फिरत असते आणि खाली हसून लोळणारे चेहरे. कुणीतरी सरळ मनानं ठेवलेलं नाव आणि लोकांनी गमतीनं किंवा खोचून चिकटवलेलं नाव, दोन्ही एकाच पातेल्यात. मी पंचवीस वर्षं शाळेत मराठी शिकवते आहे आणि मला ही सरमिसळ मनापासून खटकते. देवांना तिचा त्रास होत नाही. माझ्या वर्गातल्या मुलांना होतो. त्याकडे येतेच.

मागच्या मे महिन्यात नागपूरहून भाचा आला होता. महाराणा प्रताप उद्यानाशी आमची रिक्षा सिग्नलला थांबली आणि त्यानं पाटी वाचली. "अगं मावशी, देवाला भिकारी म्हणता तुम्ही पुणेकर? कमाल आहे तुमची!" रिक्षावाले काका आरशातून हसले. मी त्याला तिथल्या तिथे सांगितलं की भिकारी कुणीच नाही, ना मारुती, ना त्याचा भक्त. भिकारदास हे एका गुजराती सराफाचं नाव. मारुती त्याच्या जागेतला, म्हणून भिकारदासाचा मारुती. बोलता बोलता मधला 'चा' गळाला आणि मालकाचं नाव देवाला विशेषणासारखं जाऊन बसलं. भीक मागायला लागावी अशी अवस्था सोडाच, तो सराफीचा धंदा करणारा माणूस होता.

कसबा पेठेतल्या गुंडाच्या गणपतीचंही तसंच. तिथे 'चा' शाबूत आहे, तरी फसगत होतेच. गुंड हे आडनाव. नागोजी गुंड नावाच्या गृहस्थांवरून गणपतीला ते नाव पडलं. दंडुके घेऊन फिरणाऱ्या कुणाचा त्याच्याशी संबंध नाही. नारायण पेठेतला मोदी गणपती ऐकून हल्ली नवखी माणसं विचारतात की हे नाव अलीकडे दिलं का. ते मोदी म्हणजे उत्तर पेशवाईतले पारशी गृहस्थ खुश्रूशेट. ज्यांनी ही नावं रूढ केली त्यांच्या डोक्यात विनोद नव्हता. विनोद आपल्या कानात आहे.

आता दुसऱ्या बाजूला खुन्या मुरलीधर घ्या. इथे खून हा शब्द खराच खून आहे. पेशवाईच्या शेवटाकडे सदाशिव पेठेतल्या या मंदिराच्या स्थापनेच्या वेळी चकमक झाली, माणसं मेली, असं सांगतात, आणि पुढे मुरलीधराला ते बिरुद लागलं ते कायमचं. जिलब्या मारुतीला शेजारचा हलवाई जिलब्यांची माळ घालायचा म्हणतात. पासोड्या विठोबापाशी पासोड्यांचा, म्हणजे जाड्याभरड्या पांघरुणांचा बाजार भरायचा. नाना पेठेतल्या निवडुंग्या विठोबाची मूर्ती निवडुंगात सापडली अशी कथा आहे. तुकोबांची पालखी पुण्यात आली की याच निवडुंग्या विठोबाला मुक्काम करते, आणि लाखो वारकरी हे नाव अगदी भक्तीनं घेतात. त्यांच्यातल्या कुणालाही त्यात काटा टोचत नाही.

दोन्ही गट ओळखायचे कसे? मला एक खूण सापडली आहे आणि ती व्याकरणातलीच आहे. खुन्या, जिलब्या, पासोड्या, निवडुंग्या. शेवटचा 'या' पाहा. चष्मा लावणाऱ्याला चष्म्या, टक्कल पडलेल्याला टकल्या, असा हा घरगुती प्रत्यय आहे. तो कुणी सनदेवर लिहून देत नाही, तो गल्लीतच तयार होतो. एका गल्लीत दोन सुनील असले की एकाला काहीतरी 'या' लागतोच, तशी ज्या शहरात पावलागणिक मारुती आणि विठोबा, तिथे लोकांची अडचण झाली असणार. मारुतीपाशी भेटू म्हटलं तर कुठल्या? म्हणून जिलब्या. ज्या काळात घराला नंबर नव्हता त्या काळातला हा पत्ता आहे.

आणि हा प्रत्यय काय सांगत नाही, तेही बघायला हवं. निवडुंग्या म्हणजे काटेरी नव्हे, पासोड्या म्हणजे पासोडी पांघरून बसलेला नव्हे, तसा खुन्या म्हणजे खून करणारा नव्हे. त्याला आपण खुनी म्हणतो. खुन्या म्हणजे जिथे खून पडले तिथला. एवढं कळलं तरी यादीतलं निम्मं हसू विरतं. गुंड, भिकारदास, मोदी यांना हा 'या' कुठेच नाही, कारण तिथे मुळात माणूस बसला आहे. उपाशी विठोबा मात्र माझ्या खुणेत बसत नाही, हे मान्य करते. 'या' नाही, माणसाचं नावही नाही. पण तिथेही उपाशी विठोबा नव्हता. उपास करणारा भक्त होता, असंच सांगतात. भक्ताचा उपास देवाच्या नावावर मांडला गेला.

याहून फसवी नावं मात्र देवांची नाहीत, पेठांची आहेत. गंज पेठ. मराठी माणसाला गंज म्हणजे लोखंडावर चढतो तो. फारसीत गंज म्हणजे साठा, कोठार, आणि त्यावरूनच बाजारपेठ. उत्तरेत कितीतरी गावांच्या शेपटाला हाच गंज आहे. पेठेचं नाव आता महात्मा फुले पेठ आहे, फुल्यांचा वाडा तिथेच, पण जुनी माणसं अजून गंज पेठच म्हणतात आणि मुलं विचारतात, तिथे भंगाराची दुकानं होती का? रास्ता पेठेत रस्त्याचा काही संबंध नाही, ती सरदार रास्त्यांची. बंड गार्डनमध्ये कुणी बंड केलं नाही. ते नाव मुळा-मुठेवरच्या बंधाऱ्याचं. आपल्याकडचाच बंद-बांध हा शब्द इंग्रजांनी उचलला, आपल्या तोंडाला बसेल तसा वाकवला, आणि तो परत देवनागरीत आला तेव्हा त्याचं बंड झालं होतं. बागेचं नाव महात्मा गांधी उद्यान आहे, पण रिक्षावाल्याला तसं सांगून पाहा.

हुजूरपागेचं मला विशेष कौतुक आहे. पागा म्हणजे घोड्यांचा तबेला. १८८४ साली मुलींसाठी शाळा निघाली, ती पुढे पेशव्यांच्या खाशा घोड्यांच्या पागेच्या जागेवर आली आणि लोकांनी शाळेला जागेचंच नाव दिलं. मुलींच्या शाळेला तबेला म्हणायचं, हे खरं तर यादीत सगळ्यात वर शोभलं असतं. पण कुणी हसत नाही. पिढ्यान्‌पिढ्या "मी हुजूरपागेची" हे मुलींनी इतक्या ताठ मानेनं सांगितलं की शब्दातला घोडा केव्हाच निघून गेला. नाव वापरून वापरून झिजतं ते असं.

भाषेची वेस ओलांडली की मात्र ठेवणाऱ्याच्या ध्यानीमनी नसलेलं काहीही होऊ शकतं. आमच्या शेजारी उत्तर प्रदेशातून नोकरीसाठी आलेला एक मुलगा राहायचा. कंपनी भोसरीला. महिनाभर तो आईला फोनवर "पिंपरीजवळ" एवढंच सांगत होता. एकदा आईनं पत्ताच मागितला तेव्हा तो गॅलरीत गेला, दार ओढून घेतलं आणि तोंडाजवळ हात धरून गावाचं नाव एकदाचं बोलला. कान लाल. का, ते हिंदी कानाला सांगावं लागत नाही. भोसरीचं जुनं नाव भोजापूर असल्याचं सांगतात. भोजापुरापासून भोसरीपर्यंत घासत घासत आलेल्या या नावाला आपण शेजारच्या भाषेत शिवीच्या दारात जाऊन उभे राहिलो आहोत, याची काय कल्पना असणार?

उलट दिशेनंही हे होतं. केंद्र सरकारच्या शिक्षण योजनेचं नाव होतं सर्व शिक्षा अभियान. २००१ च्या सुमारास ते आपल्याकडच्या जिल्हा परिषदेच्या शाळांच्या भिंतींवर रंगवलं गेलं. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. मराठीत शिक्षा म्हणजे अंगठे धरून उभं राहणं. सगळ्यांना शिक्षा, तीही मोहीम काढून! मुलं त्या भिंतीखालून रोज शाळेत जात. २०१८ पासून योजना समग्र शिक्षा झाली, म्हणजे आधी सर्वांना होती ती आता संपूर्ण झाली. इथे हसावं, खुशाल हसावं. कुणाचा अपमान होत नाही, आणि भाषांतर करताना एकदा तरी मराठी कानाला विचारावं, एवढं त्यातून लक्षात येतं.

माणसांच्या नावांपाशी आलं की मला हसवत नाही. इथे तर दोन्ही प्रकार एकमेकांत इतके मिसळलेत की वरून ओळखूच येत नाहीत.

दगडू, धोंडू, केरबा, कचरू, भिकाजी. आजच्या मुलांना ही शुद्ध नावं ठेवणं वाटतात. आईबापांनी पोटच्या पोराला दगड म्हणावं, कचरा म्हणावं? पण ज्या घरात आधीची दोन-तीन मुलं दगावली, त्या घरात पुढच्याला मुद्दाम असं नाव देत. सुंदर नाव ठेवलं तर दृष्ट लागेल, मृत्यूचं लक्ष जाईल. दगडाकडे कोण बघतं? केरात पडलेलं कोण उचलतं? भिकाजी म्हणजे देवाच्या दारात भीक मागून मिळवलेला. (धोंडू काही वेळा धोंड्याच्या महिन्यात, म्हणजे अधिक मासात जन्मला म्हणूनही असतो.) गुजरातेत भिखाभाई आहेत, पारशांत भिकाईजी आहेत. १९०७ साली श्टुटगार्टला भारताचा झेंडा फडकवणाऱ्या मॅडम कामांचं नाव भिकाईजीच. आमचे भिकारदास सराफही याच गोतावळ्यातले असावेत, असं मला नेहमी वाटतं. महर्षी कर्व्यांचं नाव धोंडो. गणपती बघायला अख्खं पुणं ज्यांच्या नावानं रांग लावतं ते हलवाई दगडूशेठ. इतकी कठोर दिसणारी ही नावं म्हणजे मराठीतली सगळ्यात घाबरलेली माया आहे.

आणि याच पंक्तीत, अगदी तसंच दिसणारं, एक नाव बसतं: नकोशी. नकुसा. कुणी म्हणेल, तेही दृष्ट लागू नये म्हणूनच. नाही. दगडूला दगड म्हणताना तो हवा होता. नकोशीला नकोशी म्हणताना ती नकोच होती. मुलींवर मुली झाल्या, आता पुरे, हे देवाला कळवण्यासाठी त्या मुलीच्या नावाचा निरोप केला. २०११ साली सातारा जिल्ह्यात अशा २८५ मुलींना समारंभ करून नवी नावं देण्यात आली. त्या दिवशीपर्यंत दर हजेरीला, दर हाकेला त्या मुलींना आपण नको होतो हे ऐकून "हजर" म्हणावं लागलं होतं. नाव ठेवणं आणि नावं ठेवणं यांच्यातलं टिंब इथे पुसलं गेलं आहे. दगडू बदलायचं कारण नव्हतं, नकोशी बदलायलाच हवं होतं.

आडनावांत निवड कुणाचीच नसते. गाव, धंदा, पूर्वजाची एखादी लकब, काहीही चिकटतं आणि पिढ्यान्‌पिढ्या चालतं. काळे, गोरे यांचा अर्थ आता कुणाच्या मनातही येत नाही. बोबडे आडनावाचे न्यायमूर्ती देशाचे ४७ वे सरन्यायाधीश झाले.

आमच्या पाचवीच्या वर्गात दोन वर्षांपूर्वी एक मुलगा आला. आडनाव गाढवे. पहिल्याच दिवशी हजेरीत मी घोडके म्हटलं, मुलगा "हजर बाई" म्हणाला, सगळं शांत. पुढचं नाव गाढवे, आणि मागच्या बाकांवरून रेकणं सुरू. घोड्यावरून आलेलं चालतं, गाढवावरून आलेलं चालत नाही. आठवड्यानं वह्या तपासायला घेतल्या तर त्याच्या प्रत्येक वहीच्या लेबलवर नुसतं पहिलं नाव. आडनावाच्या जागी दोन बोटं मोकळी सोडलेली. एका वहीवर लिहून खोडलं होतं, इतकं की कागद फाटला होता.

मी ओरडले नाही. सगळ्या वर्गाला गृहपाठ दिला: आपलं आडनाव कुठून आलं ते घरच्या सगळ्यात मोठ्या माणसाला विचारून या. सोमवारी निम्म्या मुलांनी "माहीत नाही म्हणाले" असं सांगितलं. हा मुलगा उभा राहिला, खिशातून चौघडी घातलेला कागद काढला, पण तो न बघताच बोलला. त्याच्या आजोबांच्या आजोबांकडे अकरा गाढवं होती. नदीतली वाळू भरून ती पेठांमध्ये जायची, वाड्यांच्या कामाला.

"निम्म्या पेठा आमच्या गाढवांनी बांधल्यात, बाई."

मागच्या बाकावरून घोडके उठला. मला वाटलं, आता परत सुरू. त्यानं विचारलं, "अकराच्या अकरा तुमची स्वतःची?"