रिफ, लूप आणि दोन सेंट: हार्ड रॉकच्या इलेक्ट्रॉनिक ट्रिब्यूट अल्बमांमागची गोष्ट

१९९७ मध्ये 'कव्हर्ड इन ब्लॅक' नावाचा अल्बम आला, एसी/डीसीची गाणी पण वाजवणारे सगळे इंडस्ट्रियल, म्हणजे मशीनचे ठोके आणि कर्कश आवाज वापरणारे बँड, आणि पुढच्याच वर्षी 'द ब्लॅकेस्ट अल्बम', तसंच सगळं पण मेटालिकाची गाणी. दोन्ही लॉस एंजेलिसच्या क्लिओपात्रा रेकॉर्ड्सने काढले. यातला दुसरा मी पहिल्यांदा ऐकला तो पुण्यात, होस्टेलवरच्या एका सीनियरकडे, राइट केलेल्या सीडीवर मार्करने नाव लिहिलेलं आणि डबीत कव्हरची काळीपांढरी झेरॉक्स, त्यात अक्षरं इतकी बारीक की कोणतं गाणं कोणी केलंय ते उजेडात धरून वाचावं लागायचं. रूममधले अर्धे लोक म्हणाले बंद कर, ही काय मेटालिका आहे का. मला मात्र तेव्हापासून हा प्रश्न आहे की असले अल्बम मुळात निघाले कसे, कारण रॉकवाले आणि मशीनवाले हे तर एकमेकांचं तोंड न बघणारे लोक.

तोंड न बघणारे म्हणजे अगदी शब्दशः. १२ जुलै १९७९ ला शिकागोच्या कोमिस्की पार्क बेसबॉल मैदानात स्टीव्ह डाल या रेडिओ जॉकीने डिस्कोच्या रेकॉर्ड्सचं खोकं स्फोटाने उडवलं. घरातली एक डिस्को रेकॉर्ड घेऊन या, ९८ सेंटमध्ये आत या, अशी स्कीम होती. दोन मॅचच्या मधल्या ब्रेकमध्ये स्फोट झाला, हजारो पोरं मैदानात घुसली, पीचची वाट लागली आणि दुसरी मॅच यजमान संघाला सोडून द्यावी लागली. रॉकवाल्यांचा राग किती खोल होता ते यावरून कळतं, आणि तो राग फक्त संगीतावर नव्हता, डिस्को ऐकणाऱ्या काळ्या आणि गे लोकांवरही होता, हे आता बरेच जण उघड मान्य करतात. गंमत म्हणजे त्याच वर्षी किससारख्या पक्क्या हार्ड रॉक बँडने डिस्कोच्या ठेक्यावर एक गाणं केलं आणि ते त्यांच्या सगळ्यात मोठ्या हिट्सपैकी एक ठरलं.

आणि शहर पण बघा, शिकागोच. त्याच शिकागोत वेअरहाउस क्लबात डीजे फ्रँकी नकल्स १९७७ पासून वाजवत होता, हाउस म्युझिक, म्हणजे मशीनच्या ठेक्यावरचं नाचाचं संगीत, हे नावच त्या क्लबावरून पडलं असं म्हणतात. आणि त्याच शिकागोत जिम नॅश आणि डॅनी फ्लेशर हे जोडपं डेन्व्हरहून आलं, १९७८ मध्ये वॅक्स ट्रॅक्स नावाचं रेकॉर्डचं दुकान उघडलं, पुढे त्याच नावाने लेबल काढलं आणि युरोपातलं इंडस्ट्रियल म्युझिक अमेरिकेत आणलं. फ्रंट २४२, केएमएफडीएम, मिनिस्ट्री हे सगळे या लेबलवर. म्हणजे ड्रम मशीन आणि डिस्टॉर्शनवाली गिटार एका स्टुडिओत बसवायचं काम मुख्यतः इथं झालं, जिथं काही वर्षांपूर्वी रेकॉर्ड्स उडवल्या गेल्या.

माझ्या मते या सगळ्याचा पाया म्हणजे १९९० चं 'सुपरनॉट'. मूळ गाणं ब्लॅक सॅबथचं, १९७२ च्या 'व्हॉल्यूम फोर' मधलं. मिनिस्ट्रीच्या अल जोर्गेनसनने १००० होमो डीजेज या नावाखाली ते वॅक्स ट्रॅक्सवर काढलं. नाइन इंच नेल्सचा ट्रेंट रेझ्नर पण ते गायला होता पण त्याच्या कंपनीने आवाज वापरू दिला नाही, रेझ्नरवाली आवृत्ती १९९४ च्या बॉक्स सेटमध्ये आली. हे गाणं का महत्त्वाचं, तर जोर्गेनसनने गाण्यावर मशीन चढवलं नाही, गाण्यातच मशीन होतं ते दाखवलं. सॅबथच्या गिटारवाल्या टोनी आयोमीची ती रिफ नीट ऐका, थोड्या सुरांचं एक चक्र, तेच परत परत, मध्ये गायक येतो जातो पण चक्र थांबत नाही. याला आजचा कुठलाही प्रोड्यूसर लूपच म्हणेल. हार्ड रॉकमधली चांगली रिफ ही हाताने वाजवलेली लूपच असते, म्हणून जॅझच्या किंवा कंट्रीच्या गाण्यांपेक्षा सॅबथ, एसी/डीसी, लेड झेपेलिन यांची गाणी सीक्वेन्सरवर, म्हणजे ठरवून दिलेले सूर आपोआप परत परत वाजवणाऱ्या मशीनवर, इतकी सहज बसतात. मला या सगळ्या प्रकारातलं हेच सगळ्यात खरं वाटतं.

युरोपात हे आधीच वेगळ्या वाटेने चाललं होतं. स्लोव्हेनियाच्या लायबाख बँडने १९८७ मध्ये क्वीनचं 'वन व्हिजन' जर्मनमध्ये, ढोल आणि लष्करी कोरसमध्ये असं केलं की ऐकताना अंगावर काटा येतो, गाण्यातले शब्द तेच, पण 'एक माणूस एक ध्येय' हे जर्मनमध्ये ऐकल्यावर अर्थच बदलतो. १९९४ मध्ये त्यांनी युरोप या बँडचं 'द फायनल काउंटडाउन' टेक्नोत केलं. जर्मनीतल्या डुसेलडॉर्फच्या डी क्रुप्सने १९९२ मध्ये मेटालिकाच्या गाण्यांची आख्खी ईपी, म्हणजे छोटा अल्बम, काढली, इलेक्ट्रॉनिक ट्रिब्यूटचा हा सरळ सरळ पहिला नमुना म्हणता येईल, नाव पण ट्रिब्यूटच. डी क्रुप्स मेटालिकाच्या आधीपासूनचा बँड, लोखंडावर लोखंड आपटून वाजवणारा, आणि त्यांनी धाकट्या बँडला सलाम केला, हे मला फार आवडतं.

आता कायद्याकडे येतो, कारण कायदा नसता तर हे अल्बम निघालेच नसते. १९०८ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की पियानो रोल, म्हणजे भोकं पाडलेला कागद ज्यावर पियानो आपोआप वाजतो, ती गाण्याची प्रत नाही, सबब रोल बनवणाऱ्यांनी संगीतकाराला काही द्यायची गरज नाही. १९०९ मध्ये संसदेने कायदा बदलला, संगीतकाराला हक्क दिला, पण त्याच वेळी भीती होती की एखादी बडी रोल कंपनी सगळे हक्क विकत घेऊन बसेल, म्हणून अट घातली: गाणं एकदा बाजारात आलं की ते कोणीही परत रेकॉर्ड करू शकतो, विचारायची गरज नाही, फक्त प्रत्येक प्रतीमागे दोन सेंट द्यायचे. हे दोन सेंट १९७८ पर्यंत दोनच राहिले! नव्वदच्या दशकाच्या शेवटी दर सात सेंटच्या आसपास होता. म्हणजे बारा गाण्यांच्या सीडीला साधारण ८४ सेंट, आणि बँडची परवानगी लागतच नाही. चाल ओळखू यायला हवी, गाण्याचा मूळ स्वभाव बदलायचा नाही एवढीच अट, मांडणी तुम्हाला हवी तशी करा.

आपल्या लोकांना हे समजायला अजिबात अवघड नाही. ऐंशीच्या दशकात टी-सिरीजने जुन्या हिंदी गाण्यांच्या स्वस्त कॅसेट काढल्या त्या अशाच तरतुदीवर, १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात नोटीस देऊन आणि रॉयल्टी भरून दुसऱ्या आवाजात गाणं करता यायचं. घरोघरी त्या कॅसेट होत्या. २०१२ च्या दुरुस्तीत मूळ रेकॉर्डनंतर पाच वर्षं थांबायची अट झाली.

पण हे झालं गाण्याचं, रेकॉर्डिंगचं नाही. मूळ रेकॉर्डिंगमधला तुकडा उचलायचा, म्हणजे सँपल करायचा, तर मालकाची परवानगी पाहिजेच. बीस्टी बॉइज या रॅप ग्रुपने १९८४ मध्ये एसी/डीसीचं 'बॅक इन ब्लॅक' उचललं, १९८६ च्या त्यांच्या अल्बमची सुरुवातच झेपेलिनच्या 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स' मधल्या जॉन बॉनमच्या ड्रम्सने होते. तो आवाज पैदा कसा झाला ते इथं सांगतोच. इंग्लंडमध्ये हॅम्पशरला हेडली ग्रेंज नावाचं जुनं मोठं घर, बॉनमचा ड्रमसेट खाली जिन्यापाशी हॉलमध्ये ठेवला आणि इंजिनियर अँडी जॉन्सने दोन माइक वर जिन्यावरून लटकवले, ड्रमच्या जवळ एकही माइक नाही. किक, म्हणजे पायाने वाजवायचा मोठा ड्रम, वाजते आणि त्याच्या मागून आख्खा जिना वाजतो. इतकं मोठं काहीतरी तुम्ही घरी ड्रम मशीनवर करून दाखवाच, म्हणून तर सगळे तेच उचलत राहिले. डिसेंबर १९९१ मध्ये न्यूयॉर्कच्या एका न्यायाधीशाने रॅपर बिझ मार्कीच्या केसमध्ये निकालाची सुरुवातच 'चोरी करू नकोस' या बायबलच्या आज्ञेने केली आणि फुकट सँपलिंगचे दिवस संपले.

आता दोन्ही गोष्टी शेजारी ठेवा. सँपल महाग आणि धोक्याचं, कव्हर, म्हणजे दुसऱ्याचं गाणं स्वतः नव्याने वाजवणं, स्वस्त आणि विनापरवानगी. छोट्या लेबलने काय करावं? रिफ परत वाजवून घ्यावी. ब्रायन पेरेराने १९९२ मध्ये काढलेल्या क्लिओपात्राने हेच केलं आणि भरपूर केलं, १९९५ मध्ये पिंक फ्लॉइडच्या ट्रिब्यूटचा डबल अल्बम, मग एसी/डीसी, मेटालिका, पुढे कितीतरी. हिप्नॉटिक नावाचं त्यांचं टेक्नो-ट्रान्सचं वेगळं लेबल पण होतं. यातलं बरंच काम घाईचं आहे हे मान्यच, गाणं तसंच ठेवून खाली किक ड्रम ठोकला की झाला रिमिक्स, ते ऐकवत नाही. पण बाकीचं काम मनापासून केलंय, ते करणारी माणसं हीच गाणी ऐकत मोठी झालेली, आणि दुसरं कुठलंही लेबल त्यांना हे करायला पैसे देत नव्हतं.

मोठ्या कंपन्या परवानगी घेऊन काय करू शकतात ते १९९७ च्या 'स्पॉन' सिनेमाच्या अल्बममध्ये दिसलं. प्रत्येक गाण्यात एक रॉक बँड आणि एक इलेक्ट्रॉनिक कलाकार. मेटालिकाचं 'फॉर हूम द बेल टोल्स' डीजे स्पूकीकडे, स्लेयर बर्लिनच्या अटारी टीनएज रायटबरोबर, ऑर्बिटलच्या ट्रॅकवर कर्क हॅमेटची गिटार. सगळी गाणी जमली नाहीत पण स्लेयरवालं अजूनही पूर्ण आवाजात लावतो.

गोव्याचा उल्लेख राहायला नको. हणजूणच्या किनाऱ्यावर, ज्याला बाहेरचे लोक अंजुना म्हणतात, तिथल्या पार्ट्यांत सत्तरच्या दशकात रॉकच वाजायचा. तिथला डीजे गोवा गिल हा सॅन फ्रान्सिस्कोच्या रॉकवाल्यांतूनच आलेला माणूस. ऐंशीच्या सुरुवातीला तिथल्या काही डीजेंनी कॅसेटवरच युरोपातल्या इलेक्ट्रॉनिक गाण्यांचे गायलेले भाग कापायला सुरुवात केली, फक्त ठेका आणि सिंथ ठेवायचा, रात्रभर. तबकड्या उन्हात वाकायच्या म्हणून कॅसेट आणि नंतर डॅट, म्हणजे डिजिटल टेप. रॉक ऐकून मोठी झालेली माणसंच मशीनकडे वळली, आणि तेही कुठला कायदा किंवा लेबल मध्ये नसताना, हे आपल्या शेजारी घडलंय.

आता एक गोष्ट जी मी स्वतः करून बघितलीय. 'बॅक इन ब्लॅक' लॅपटॉपवर घ्या, पहिला ठोका ग्रिडच्या, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या समान अंतरावरच्या रेषांच्या, पहिल्या रेषेवर बसवा आणि टेम्पो फिक्स करून चालू द्या. पहिले काही बार मस्त जातात, मग स्नेअर ड्रमचा ठोका रेषेच्या किंचित अलीकडे, मग पलीकडे, कोरसला जरा पुढे झुकतो, परत मागे येतो. क्लिकवर, म्हणजे कानात टिकटिक ठेवून, वाजवलेलं नाही ते, चार-पाच माणसं एकमेकांकडे बघून वाजवतायत. सगळं ग्रिडवर ओढून बसवलं की ठोके बरोबर येतात पण तो झोक जातो, आणि वेग मिनिटाला ९४ ठोक्यांच्या आसपासवरून हाउसच्या १२५ वर नेला तर गाणं धापा टाकतं. म्हणूनच ज्यांनी नव्याने वाजवलं त्यांचं काम टिकलं आणि ज्यांनी ओढूनताणून बसवलं त्यांचं नाही, असं माझं ठाम मत आहे.

२००७ मध्ये रॉक बँड नावाचा व्हिडिओ गेम आला, त्यात मूळ रेकॉर्डिंगचे गिटार, बास, ड्रम, आवाज असे वेगळे ट्रॅक होते आणि लोकांनी ते गेममधून बाहेर काढले. २०१९ मध्ये डीझर कंपनीने स्प्लीटर नावाचं सॉफ्टवेअर फुकट खुलं केलं, कुठलंही तयार गाणं द्या, आवाज आणि ड्रम वेगळे करून देतं. त्यामुळे आता एकटं पोरगं रात्रीत रिमिक्स करतं, फक्त ते विकता येत नाही, कारण रेकॉर्डिंगची मालकी अजून मूळ मालकाकडेच आहे. कव्हर मात्र आजही विकता येतं.

आणि कव्हर विकलं की पैसे जातात गाण्याच्या लेखक-संगीतकारांना. सॅबथच्या 'सुपरनॉट' वर चौघांचीही नावं आहेत, त्यामुळे ड्रमर बिल वॉर्डच्या जागी ड्रम मशीन ठेवून कोणी ते केलं तरी लेखक म्हणून वॉर्डचा वाटा त्यात आहे. 'बॅक इन ब्लॅक' वर नावं तीन, अँगस यंग, माल्कम यंग, ब्रायन जॉन्सन. ज्याच्या सरळ, न हलणाऱ्या ठेक्यामुळे ते गाणं मशीनवाल्यांना पहिल्यापासून जवळचं वाटलं तो ड्रमर फिल रड, त्याचं नाव त्या यादीत नाही.